पडद्यावरचा स्कोअर बाजूला ठेवा, मुलाचे पाऊल पाहा

गडचिरोलीत भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की वाहतूक थांबते आणि शाळेच्या मैदानाचा चिखल होतो. चंद्रपूरकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. अशा दिवसांत वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवर किंवा टॅबवर अंग हलवून खेळायचे व्हिडिओ गेम लावावेत, असे एखाद्या शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मूल कॅमेऱ्यासमोर उभे राहते, हातात नसलेला चेंडू फेकते, नसलेल्या अडथळ्यावरून उडी मारते आणि पडद्यावर गुण वाढत जातात. अडचण इथून सुरू होते. पहिल्या दिवशी चारशे गुण मिळवणाऱ्या मुलीने पंधरा दिवसांनी नऊशे मिळवले, तर ती चेंडू फेकायला शिकली असे आपण मानतो आणि प्रगतिपुस्तकात तशी नोंदही करून टाकतो. पण नऊशे गुणांवरून एवढेच सिद्ध होते की त्या खेळात नऊशे गुण कसे मिळवायचे ते तिला कळले. तिचे फेकणे सुधारले की नाही, ते वेगळे मोजावे लागते. हे मोजमाप आश्रमशाळेतल्या किंवा जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला हातात असलेल्या साधनांनी करता येते.

आधी यंत्राला काय दिसते ते समजून घेऊ. २००६ साली आलेल्या निन्टेंडोच्या वी या खेळयंत्रात हातातल्या कंट्रोलरची हालचाल मोजली जाई. खुर्चीत बसून नुसते मनगट झटकले तरी पडद्यावर टेनिसचा फटका बसे. २०१० साली मायक्रोसॉफ्टने कायनेक्ट आणला. त्यात कंट्रोलर नव्हता, कॅमेराच खेळणाऱ्याच्या शरीराचे वीस सांधे ओळखून सेकंदाला तीस वेळा त्यांची जागा टिपायचा. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले, पण तोवर ही विद्या मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली होती. आज फोनवरचे सॉफ्टवेअर शरीरावरचे तेहतीस बिंदू ओळखते. हे सगळे थक्क करणारे आहे, पण खेळ बनवणाऱ्याचा हेतू वेगळा असतो. त्याला खेळ पुढे सरकवायचा असतो. हात अमुक उंचीवरून अमुक वेगाने खाली आला की 'फेकला' असे धरायचे, एवढे त्याला पुरते. पाय कुठे होता, कंबर वळली की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आणि मुले हुशार असतात. कमीत कमी किती हालले की गुण पडतात, हे त्यांना दोन-चार डावांत उमगते.

ही शंका नुसती तर्काची नाही. मेलबर्नच्या डीकिन विद्यापीठात लिसा बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांना कायनेक्टवरचे क्रीडाप्रकार खेळायला दिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी खेळाचा स्कोअर घेतलाच नाही. मुले खेळत असताना त्यांच्या हालचालींचे घटक एकेक करून तपासले. त्याच वर्षी याच गटाने आणखी एक निष्कर्ष मांडला: सहा आठवडे असे खेळ खेळलेल्या मुलांची खऱ्या चेंडूची कौशल्ये, न खेळलेल्या मुलांच्या तुलनेत लक्षणीय सुधारली नव्हती. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आणखी साधा होता. मुलांना घरी असे खेळ नुसते आणून दिले, तर त्यांची एकूण शारीरिक हालचाल वाढते का? वाढली नाही. या अभ्यासांतली मुलांची संख्या मोठी नव्हती, तेव्हा त्यांतून अंतिम निवाडा काढू नये. तरी पडद्यावरच्या यशाला मैदानावरचे यश समजू नये, एवढे सांगायला ते पुरेसे आहेत.

मग मोजायचे काय? आपल्याकडे शाळांत होणारे मोजमाप बहुतेक निकालाचे असते. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांचे ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे सेकंदांत मोजतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि ताटल्यांना झपाझप हात लावणे अशा चाचण्या आहेत. त्या उपयोगी आहेतच. पण मूल कसे धावले हे त्यांतून कळत नाही, किती वेळात पोहोचले एवढेच कळते. उंच, दणकट मूल चुकीच्या पद्धतीनेही लांब फेकते, आणि कुपोषणातून सावरणारे लहानखुरे मूल पद्धत अचूक असूनही मागे पडते. गडचिरोलीत हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण इथे एकाच वर्गातल्या मुलांच्या वजन-उंचीत मोठी तफावत असते. निकाल मोजला तर आपण पोषण मोजतो. पद्धत मोजली तर कौशल्य हाती लागते.

पद्धत मोजण्याची सर्वांत रुळलेली चाचणी अमेरिकेतल्या डेल उलरिच यांनी १९८५ साली तयार केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी तेरा कौशल्ये आहेत: धावणे, लंगडी, लांब उडी, बाजूला सरकत जाणे अशी सहा जागा बदलण्याची आणि मारणे, टप्पे देणे, झेलणे, लाथ मारणे, फेकणे अशी सात चेंडूची. प्रत्येक कौशल्याचे तीन ते पाच निकष आहेत आणि प्रत्येक निकषाला उत्तर एकच: दिसला तर १, नाही दिसला तर ०. खांद्यावरून फेकण्याचे उदाहरण घ्या. पहिला निकष, फेकण्याआधी हात खाली-मागे जाऊन झोक घेतो का. दुसरा, कंबर आणि खांदे इतके वळतात का की न फेकणाऱ्या हाताची बाजू समोरच्या भिंतीकडे येते. तिसरा, उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो का, डावखुऱ्याचा उजवा. चौथा, चेंडू सुटल्यावर हात थांबतो की अंगावरून तिरका विरुद्ध कमरेकडे जातो. नवख्या मुलात हमखास दिसते ते असे: दोन्ही पाय एका रेषेत रोवलेले, छाती सरळ पडद्याकडे, आणि कोपरातून चेंडू ढकलल्यासारखा हात. किंवा ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा पाय पुढे. त्या मुलाला पडद्यावर पूर्ण गुण मिळालेले असू शकतात. तुमच्या वहीत मात्र चारही चौकटींत शून्य असेल, आणि वहीच खरी.

फेकण्याचा दुसरा निकष यंत्रावर विसंबून राहणाऱ्यांनी नीट पाहावा. चांगले फेकायचे तर शरीर बाजूला वळावेच लागते. वळले की समोरच्या एकाच कॅमेऱ्याला मागचा हात आणि मागचा खांदा दिसेनासा होतो, सॉफ्टवेअर त्यांच्या जागेचा अंदाज करू लागते. म्हणजे मूल जितके बरोबर फेकेल तितके यंत्र गोंधळण्याची शक्यता जास्त. पावलांचेही तसेच. कायनेक्टची तपासणी करणाऱ्यांना घोटे आणि पावले यांच्या नोंदी सर्वांत कच्च्या आढळल्या होत्या, आणि आपल्याला तर नेमके पाऊलच पाहायचे आहे. 'यंत्र माणसापेक्षा अचूक' हा आक्षेप म्हणूनच इथे टिकत नाही. यंत्र जे मोजते ते अचूक मोजत असेलही. प्रश्न आहे तो काय मोजते याचा.

साध्या माणसाच्या डोळ्यावर भरवसा ठेवावा का, या प्रश्नाचे उत्तर मात्र याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांना बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. त्यासाठी मिनिटाला किती श्वास हे मोजावे लागते, आणि गावच्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी ठरलेल्या लाल मण्यापर्यंत पोहोचले तर मूल आजारी. १९९२ साली हे साधन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे याच जिल्ह्यातल्या गावांतल्या प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि जगभर गेले. आपल्या कामाला त्यातून घेण्यासारखे हे की अवघड निर्णयाचे हो-नाही असे छोटे तुकडे केले आणि मोजणाऱ्याला नीट शिकवले, तर मोजमाप विश्वासार्ह होते. 'फेकणे कसे आहे: उत्तम, मध्यम, साधारण' असा रकाना निरुपयोगी. 'विरुद्ध पाय पुढे पडला का' हा रकाना कामाचा.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवातीला एकच कौशल्य घ्या, फार तर दोन. पडद्यावरच्या खेळात फेकणे, उडी आणि बाजूला सरकणे ही बऱ्यापैकी पाहता येतात. झेलणे पाहताच येत नाही, कारण चेंडूच नाही. हवेतल्या चेंडूवर नजर ठेवून हात मऊ करणे म्हणजेच झेलणे. लाथ मारण्याचा धावत येण्याचा भाग दिसतो, पावलाचा चेंडूशी संबंध दिसत नाही. टप्पे देण्याचा विषयच नको. खडूने मुलाच्या उभे राहण्याची जागा आखा आणि तीत पुढे-मागे एक मोठे पाऊल टाकता येईल इतकी मोकळीक ठेवा. ही जागा अपुरी असेल तर मूल पाऊल टाकणार नाही आणि तुम्ही खोलीच्या आकाराला कौशल्य समजून बसाल. दुसरा एक फोन टेबलावर, साधारण मुलाच्या कमरेच्या उंचीवर, समोरून नव्हे तर तिरका, फेकणाऱ्या हाताच्या बाजूने ठेवा. डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवे. खिडकी मुलाच्या पाठीमागे आली तर चित्रात नुसती काळी सावली उरते. फोनमध्ये स्लो मोशनची सोय असेल तर ती वापरा; हात डोळ्याच्या पात्यापेक्षा लवकर जातो आणि साध्या चित्रणात तो पुसट दिसतो. वीज गेली तर खेळ बंद, चित्रण बंद, त्या दिवशीची अर्धी नोंद सोडून द्या. अर्ध्या नोंदींची सरासरी काढत बसू नका.

मुलाला खेळ ओळखीचा होऊ द्या, मगच मोजा. पहिल्या डावात मूल पडद्याकडे बघत असते, शरीर त्याच्या ध्यानात नसते. खेळात एकाच हालचालीचे कितीतरी प्रयत्न मिळतात, हा पडद्याचा खरा फायदा आहे. मैदानावर दोन प्रयत्नांसाठी रांग लावावी लागते. सरावानंतरचे सलग दहा प्रयत्न घ्या आणि प्रत्येक निकष दहापैकी किती वेळा दिसला ते लिहा. 'विरुद्ध पाय: ३' असे लिहिलेले पुढच्या मोजणीत '७' झाले तर बदल झाला हे कुणालाही दिसते. चांगले प्रयत्न निवडून घेण्याचा मोह होतो, विशेषतः मूल आवडते असेल तर. तो टाळण्यासाठी कुठल्या प्रयत्नापासून मोजायचे हे आधीच ठरवा.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. तेच चित्रण दुसऱ्या शिक्षकाने तुमची वही न बघता तपासायचे. फेकण्याचे चार निकष आणि दहा प्रयत्न म्हणजे चाळीस चौकटी. दोघांच्या बत्तीस किंवा अधिक चौकटी जुळल्या, म्हणजे ८० टक्के, तर पुढे जायला हरकत नाही. त्याहून कमी जुळल्या तर दोष मुलात नाही, निकष दोघांनी वेगळा समजून घेतला आहे. एकत्र बसून चित्रण थांबवत थांबवत पाहा, कुठल्या क्षणी 'वळले' म्हणायचे ते ठरवा आणि पुन्हा तपासा. दोनच शिक्षकांची शाळा असेल तर केंद्रातल्या शेजारच्या शाळेची मदत घ्या. आठवड्याने स्वतःचीच जुनी चित्रफीत पुन्हा तपासली तरी बरेच कळते.

एटापल्ली-भामरागडच्या शाळांत भाषेचा मुद्दा सगळ्यांत आधी येतो. पहिली-दुसरीतल्या माडिया मुलाला मराठी सूचनाच अर्धवट कळते, पडद्यावरची इंग्रजी सूचना तर दूरच. कोरचीत छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली घरे आहेत. सूचना न कळल्याने मूल उभे राहिले आणि तुम्ही शून्य लिहिले, तर ते शून्य भाषेचे आहे. उलरिच यांच्या चाचणीत म्हणूनच आधी करून दाखवणे आणि एक सराव सक्तीचा असतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांना चित्रकार्डे दाखवली तेव्हा याच चाचणीतले त्यांचे गुण वाढले. मुले तीच, समजावण्याची रीत बदलली. तेव्हा स्वतः फेकून दाखवा, किंवा त्याच भाषेतल्या वरच्या वर्गातल्या मुलीला दाखवायला सांगा.

'जंगलातल्या मुलांना हे कशाला? ती झाडावर चढतात, नदीत पोहतात, मैलोन्‌मैल चालतात' हा आक्षेप नेहमी येतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. २०१८ च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. पण दमसास आणि काटकपणा वेगळा, चेंडूचे कौशल्य वेगळे. गुलेल अचूक चालवणाऱ्या मुलाला रबर ताणणे आणि नेम धरणे येते. अंग वळवून फेकणे वेगळे शिकावे लागते. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत दाखल झालेले मूल वर्षातले बरेच महिने जंगलात नसते, घंटेच्या तालावर चालणाऱ्या आवारात असते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये प्राथमिक शाळेत मोजलेल्या मुलांना संशोधक सहा-सात वर्षांनी पुन्हा भेटले, तेव्हा लहानपणी ज्यांना चेंडूची कौशल्ये चांगली येत होती ती मुले किशोरवयात अधिक हालचाल करणारी आढळली. ज्याला चेंडू झेलता येत नाही त्याला संघात कोणी घेत नाही, मग तोही मैदानाकडे फिरकत नाही. मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. म्हणून पडद्यासमोर पाळी कोणाला किती वेळा मिळते, याचीही नोंद ठेवा. फोन आणि रिमोट ज्याच्या हातात, खेळ त्याचाच, असे व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. आधीच नोंदवह्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या शिक्षकाला आणखी एक वही आणि मुलांना आणखी एक परीक्षा कशासाठी? यात तथ्य आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि उन्हाळी सुट्टीआधी, याहून अधिक मोजू नका. मुलांना गुण सांगू नका, क्रमांक लावू नका, भिंतीवर तक्ता लावू नका. आणि परदेशी चाचणीतले वयानुसार ठरवलेले क्रमांक आपल्या मुलांना लावू नका. ते अमेरिकन मुलांच्या मोजणीवर बेतलेले आहेत. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी करा.

दोन गोष्टींत सवलत नाही. या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. अशा मुलांना दमवणे आणि पाण्याविना ठेवणे धोक्याचे असते. वेदना उसळू शकतात. शाळेच्या आरोग्य तपासणीची यादी आधी पाहा, पाणी जवळ ठेवा, मूल 'नको' म्हणाले तर थांबा. दुसरे, चित्रण. पालकांची परवानगी त्यांना कळेल त्या भाषेत समजावून घ्या. मुलाला सोडायला ते शाळेत येतात तेव्हाच विचारणे सोपे पडते. तपासणी झाली की चित्रफीत पुसून टाका. ती शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'बघा कशी गंमत' म्हणून गेली, तर पुढच्या वर्षी कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये.

आणि शेवटची तपासणी मैदानावर, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठी आहे. पाऊस उघडला की तीच मुले भिंतीपासून २० फुटांवर उभी करा, हातात टेनिस बॉल द्या, तेच चार निकष, तेच दहा प्रयत्न. पडद्यासमोर 'विरुद्ध पाय: ८' आणि मैदानावर '३' आले, तर शिकणे पडद्यापुरते राहिले. उलटही होईल: मैदानावर सुरेख फेकणारे मूल पडद्यासमोर मनगट झटकत असेल, कारण तेवढ्याने भागते. त्याला शिकवण्याची गरज नाही. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांतही असेच निकष पाहता येतात, आणि तिथे विजेचा प्रश्नच येत नाही. पडद्याचा खेळ पावसाच्या दिवसांसाठी, आणि मैदानावर जायला लाजणाऱ्या मुलांचा धीर वाढवण्यासाठी ठेवावा. शाळा व्यवस्थापन समितीसमोर क्रीडा साहित्याचा थोडाफार निधी आला आणि अशा खेळांचे नवे यंत्र घ्यावे की चेंडू, असा प्रश्न पडला, तर आधी चेंडू घ्या, वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक येईल इतके.